हवेचं मीटर घेतलंय, वर्ष होत आलं वापरतेय (इंदूर)

माझ्या सासऱ्यांना दमा आहे, म्हणून मागच्या दसऱ्याला हे मीटर ऑनलाइन मागवलं. साडेचार हजार लागले, टेबलावरच्या घड्याळाएवढं आहे, पीएम २.५ (म्हणजे हवेतले अगदी बारीक कण) आणि ह्युमिडिटी दाखवतं. त्याआधी मी फोनमधल्या एका अ‍ॅपवर उपग्रहाच्या डेटावरून काढलेला हवेचा नकाशा बघायचे, तो हिरवा दिसला की बाबांना म्हणायचे जा खुशाल फिरायला.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकराला मीटर ३४० वर आणि अ‍ॅप १०० च्या आत! बाबा खोकून बेजार, आणि मला वाटलं मीटरच खराब आलंय, परत करायला खोकंसुद्धा काढून ठेवलं. मग दोन-तीन दिवस वाचत बसले तेव्हा कळलं की उपग्रह धूर-धूळ मोजतो ती जमिनीवरून आणि हवेतल्या कणांवरून परत फिरणाऱ्या उन्हावरून, म्हणजे रात्री त्याला ते मोजताच येत नाही, ढग असले तरी नाही. अ‍ॅपमधला रात्रीचा आकडा मॉडेलचा अंदाज असतो, आपल्या गल्लीत किती माळा फुटल्या ते त्याला कसं कळणार? शिवाय दिवसासुद्धा उपग्रह वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या हवेने ऊन किती अडवलं ते बघतो, नाकापाशी किती आहे ते वेगळं नाही. थंडीत सकाळी हवा खाली दबून बसते आणि तेवढाच धूर कमी उंचीत कोंडतो, उन्हाळ्यात धूळ उंच चढते, म्हणजे वरून सारखंच दिसलं तरी खाली जमीन-अस्मानाचा फरक. शास्त्रज्ञसुद्धा उपग्रहाचे आकडे जमिनीवरच्या यंत्रांशी ताडून बघतात, कानपूरच्या आयआयटीत २००१ पासून नासाच्या एरोनेट ह्या जगभरच्या जाळ्यातलं, सूर्याकडे बघून मोजणारं यंत्र आहे, ते ह्याच कामाला येतं.

मग म्हटलं आपलं मीटर पण ताडून बघू. नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी मी आणि हे, पॉवर बँक लावून, छोटी ग्वालटोलीला हवा मोजायचं सरकारी स्टेशन आहे त्याच्या जवळ दोन तास बसलो. आधी आमची एक चूक झाली, आम्ही मीटरचे मायक्रोग्रॅम (एका घनमीटर हवेतले) एक्यूआयशी, म्हणजे हवेच्या दर्जाच्या निर्देशांकाशी, लावत होतो. एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर निघतो आणि त्याचा स्केलच वेगळा, ६० मायक्रोग्रॅम म्हणजे एक्यूआय १००. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) साइटवरून तासातासाचे मायक्रोग्रॅम काढले तेव्हा स्टेशनचे ७८ आणि ७१, आमचे ९६ आणि ८८. म्हणजे आमचं साधारण पंचवीस टक्के जास्त दाखवतं, पण चढतं-उतरतं बरोबर स्टेशनसारखंच. माझ्यासाठी ही खूप मोठी गोष्ट होती. आता मनातल्या मनात पाचवा हिस्सा कमी करते आणि मगच बाबांना सांगते.

तक्रारी आहेत. पावसाळ्यात ह्युमिडिटी ८५ च्या वर गेली की आकडा उगाच फुगतो, कारण कण पाणी पिऊन मोठे होतात आणि आतला लेझर त्यांना तसंच मोजतो (सरकारी मशीनमध्ये हवा आधी गरम करून सुकवतात, ह्यात ती सोय नाही). ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेच नाही, विकणाऱ्याला दोन मेल केले, उत्तर नाही. ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांना हे सांगायला नको का? बॅटरी जेमतेम तीन तास. मिरचीची फोडणी दिली की २०० पार, पण ते खोटं नाही, म्हणून तर बाबांची खोली आता स्वयंपाकघरापासून लांबची केली.

घरात दमेकरी किंवा लहान बाळ असेल तर जरूर घ्या, पण आल्यावर आधी जवळच्या स्टेशनपाशी नेऊन ताडून बघा, एकदा थंडीत आणि एकदा पावसाळ्यात. अ‍ॅपचा नकाशा मी अजून बघते, बाहेरगावचा मोठा धूर इकडे येतोय का ते त्यात छान कळतं, मीटरला ते कळणार नाही. पण सकाळी साडेपाचला बाबा बूट घालताना विचारतात, "सूनबाई, किती आहे गं आज?" तेव्हा मीटरच बघते.