मिनीव्हॅन आणि मुलांच्या कार सीट: आठ जागांपैकी उरतात किती?

माहितीपत्रकात आठ जागा लिहिलेल्या असतात. त्यात एक रिअर-फेसिंग म्हणजे मागे तोंड करून बसायची आणि एक फॉरवर्ड-फेसिंग अशा दोन कार सीट बसवल्या, की आत किती जण नीट बसतात आणि शेवटच्या रांगेत कोणाला कुठून शिरता येतं, हे मात्र त्यात कुठेच सापडत नाही. लहान मुलांच्या घरासाठी मिनीव्हॅन बघायची तर पहिली परीक्षा हीच. इंजिन, स्क्रीन, स्पीकर यांत आजच्या गाड्यांमध्ये उन्नीस-बीसचाच फरक आहे. मधल्या रांगेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक निघतो.

मधली रांग दोन तऱ्हेची असते: दोन सुट्या कॅप्टन सीट आणि मधे वाट, किंवा तीन जणांची रांग. दोन मुलं असतील तर आमचं मत सरळ कॅप्टन सीटच्या बाजूने आहे. दोन्हींवर कार सीट पक्क्या बसवून ठेवल्या तरी मधल्या वाटेने मोठं मूल मागे जातं, आणि पावसात आई-बाबांनाही दार लावून घेऊन आतूनच बाळाचे पट्टे बांधता येतात. तीन जणांच्या रांगेत ही वाट नसते. तिथे मागे जायचं तर कडेची सीट पुढे झुकवावी लागते, आणि तिच्यावर रिअर-फेसिंग कार सीट असेल तर ती झुकतच नाही, कारण कार सीटची पाठ पुढच्या सीटला अडते. फॉरवर्ड-फेसिंग सीट रिकामी असताना काही गाड्यांत तेवढं झुकवता येतं, पण ते त्या गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच करावं.

तीन कार सीट लागणार असतील तर गणित बदलतं. बाजारातल्या कार सीट साधारण ४३ ते ५० सेंटिमीटर रुंद असतात. तीन शेजारी-शेजारी म्हणजे १३० ते १५० सेंटिमीटर. गाडीची आतली रुंदी तेवढी असली तरी काम होईलच असं नाही, कारण मधली जागा बहुतेक वेळा कडेच्या जागांपेक्षा अरुंद असते आणि तिचं बकल शेजारच्या कार सीटच्या तळाखाली गडप होतं. शिवाय तिन्ही जागा भरल्या की मागची रांग बंदच झाली. त्यापेक्षा दोन कार सीट मधल्या रांगेत आणि तिसरी मागे, ही मांडणी रोजच्या वापरात कितीतरी सोपी जाते. मधली रांग तीन जणांची असेल, तर दोन्ही कार सीट मधल्या आणि रस्त्याकडच्या जागेवर घ्या. फुटपाथकडची जागा मोकळी राहते, तीच झुकवून मोठं मूल मागे जाईल.

मागच्या रांगेत मात्र कोणाला बसवायचं याचा नीट विचार हवा. तिथे बाहेरून हात पोचत नाही. स्वतःचा बेल्ट स्वतः लावणारं आणि वाटेत तो न काढणारं, बूस्टरवरचं (गाडीचाच बेल्ट नीट बसावा म्हणून उंच करणाऱ्या बैठकीवरचं) मूल तिथे ठीक. पट्ट्यांत बांधावं लागणारं बाळ मागे ठेवलं तर दर फेरीला मोठ्या माणसाने वाकून आत चढायचं, आणि आठवड्याभरात पट्टे सैल राहायला लागतात. कार सीटमध्ये नेहमी होणाऱ्या चुकांपैकी एक म्हणजे हेच सैल पट्टे. खांद्याजवळचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरून बघावा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे.

आता गाड्यांकडे. होंडा ओडिसीच्या २०१८ च्या मॉडेलपासून मधल्या रांगेच्या कडेच्या सीट आडव्या सरकतात. मधली छोटी सीट काढून टाकली की एक सीट आतल्या बाजूला ढकलून दाराजवळ वाट करता येते, किंवा भांडणारी दोन भावंडं एकमेकांच्या हाताला लागणार नाहीत इतकी लांब बसवता येतात. कार सीट लावणाऱ्यांचा विचार करून केलेली अशी सोय दुसरीकडे फारशी दिसत नाही. सरकवल्यावर कार सीट पुन्हा हलवून बघायची, एवढं लक्षात ठेवा. सीट बाहेर काढता येतात, पण त्या जड आहेत. एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नये.

टोयोटा सिएना २०२१ च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिड मिळते, २.५ लिटर इंजिनासह. रोजच्या शाळा-पाळणाघराच्या थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत या हायब्रिडचा खरा फायदा होतो. सात जागांच्या रूपात मधल्या सीट खूप लांबवर पुढे-मागे सरकतात, त्यामुळे लांबलचक रिअर-फेसिंग सीट लावूनही पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकत नाहीत. उणी बाजू अशी, की या सीट काढायच्या म्हणून केलेल्याच नाहीत आणि जमिनीतही जात नाहीत. मुलं मोठी झाल्यावर हीच गाडी सामान वाहायला वापरायची असेल तर हे आधीच ठरवून घ्या.

क्रायस्लर पॅसिफिकाचं वैशिष्ट्य म्हणजे स्टो अँड गो. मधल्या सीट घडी होऊन पायाखालच्या खड्ड्यात जातात. प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करायच्या हायब्रिडमध्ये त्या खड्ड्याच्या जागी बॅटरी असल्याने ही सोय नाही. सीट रिकामी असेल तर ही घडी फारच उपयोगी. पण कार सीट कायम बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागणार, म्हणजे बाळ लहान असेपर्यंत या सोयीचा वापर क्वचितच होईल. खड्ड्याचा आणखी एक मुद्दा आहे, तो पुढे सपोर्ट लेगच्या, म्हणजे कार सीटला जमिनीवर टेकवणाऱ्या आधाराच्या पायाच्या वेळी येतोच.

किया कार्निव्हल देशागणिक वेगवेगळ्या जागांच्या मांडणीत मिळते. लहान मुलांसाठी तिच्यातली साधी मांडणी घ्या. पाय पसरायच्या, आराम खुर्चीसारख्या मधल्या सीट मोठ्यांना सुखाच्या असतात, पण त्यांच्या फुगीर कडा आणि पायाची गादी यांमुळे कार सीटचा तळ सपाट टेकत नाही. तळ न टेकलेली कार सीट कितीही आवळली तरी डुलतेच.

यानंतर अँकर. ज्या धातूच्या दांड्यांना कार सीट अडकते, त्या दोन दांड्यांच्या मध्यांतलं अंतर २८० मिलिमीटर असतं, मग त्याला आयसोफिक्स म्हणा किंवा लॅच. गाडी बघताना फक्त चिन्ह बघून समाधान मानू नका. पाठ आणि बैठक यांच्या फटीत हात घाला. दांडी बोटांना लगेच लागली, वर प्लॅस्टिकची तोंडं असली, तर कार सीट पाच मिनिटांत बसेल. चामड्याच्या जाड कव्हरखाली चार सेंटिमीटर आत असली तर दर वेळी बोटं सोलली जातील, आणि एका बाजूचा हुक नुसता टेकून राहिला तरी लागल्यासारखा वाटेल. दोन्ही बाजूंनी खटका ऐकू आला आणि कार सीटवर रंगाची खूण असेल तर ती हिरवी झाली, तरच तो लागला.

मधल्या जागेला अँकर नसले, तर दोन्ही कडेच्या जागांचा एकेक अँकर उसना घेऊन तिथे कार सीट अडकवायचा मोह होतो. तिथे अंतर २८० पेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून गाडी आणि कार सीट दोन्हींच्या पुस्तिका परवानगी देत असतील तरच हे चालतं. नाहीतर त्या जागेवर सीट बेल्टने बसवा. बेल्टने बसवलेली सीट कमी सुरक्षित असते हा गैरसमज आहे. नीट आवळलेला बेल्ट आणि नीट लागलेले अँकर यांत डावं-उजवं नाही. फक्त दोन्ही एकदम वापरू नयेत, कार सीटच्या पुस्तिकेत तसं सांगितलेलं नसेल तर.

अँकरला वजनाचीही मर्यादा असते. अमेरिकी लॅचच्या हिशेबात मूल आणि कार सीट मिळून २९.५ किलो, म्हणजे ६५ पौंड. युरोपातल्या आय-साइझ या कार सीटच्या नियमात ३३ किलो. बारा किलोची दणकट सीट असेल तर पहिल्या हिशेबात मुलाच्या वाट्याला साडेसतरा किलोच उरतात. त्यानंतर तीच सीट बेल्टने बसवायची. मूल चार-पाच वर्षांचं होता-होता हा आकडा गाठलेला असतो आणि घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही.

फॉरवर्ड-फेसिंग सीटचा वरचा पट्टा, टॉप टेदर, ही मिनीव्हॅनमधली खास गफलतीची जागा आहे. त्याने धडकेत मुलाचं डोकं पुढे झेपावण्याचं अंतर कमी होतं, म्हणून तो सोडून चालत नाही. पण मिनीव्हॅनच्या मागच्या भागात सामान बांधायचे हुकही असतात आणि ते अगदी टेदरच्या अँकरसारखेच दिसतात. सामानाचा हुक तो झटका सहन करण्यासाठी केलेला नसतो. जहाजाच्या नांगराचं चिन्ह असेल तोच अँकर, आणि खात्री पुस्तिकेतून. शेवटच्या रांगेत हा अँकर सीटच्या पाठीवर खाली असतो, काही गाड्यांत एकाच जागेला असतो आणि काहींत नसतोच. तिसरी कार सीट मागे लावायचा बेत असेल तर गाडी पसंत करण्याआधी हे बघणं भाग आहे.

सपोर्ट लेग असलेली कार सीट घरात असेल, तर मधल्या रांगेसमोरची जमीन पायाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर खाली सामानाचा कप्पा आहे. धडकेत सगळा भार त्या पायावर येतो आणि कप्प्याचं झाकण खचतं. काही गाड्यांत कप्प्यात बसवायचा भरीव ठोकळा मिळतो, काही गाड्यांत त्या जागी सपोर्ट लेग वापरायला सरळ मनाई असते. जमिनीत घडी होणाऱ्या सीटच्या गाड्यांत हा प्रश्न हमखास येतो.

बकलाचा दांडा किती उंच आहे तेही बघा. कार सीट बेल्टने बसवताना उंच दांडा कार सीटच्या कडेवर येऊन वाकतो आणि बेल्ट आवळला जात नाही. उलट बूस्टरवरच्या मुलाला गादीत रुतलेलं बकल सापडत नाही, आणि त्याने बेल्ट लावायचं सोडून दिलं असं होतं. बैठकीच्या बरोबरीला, सरळ उभं राहणारं आणि थोडं ताठ बकल दोन्हीला चालतं. मधल्या जागेचा बेल्ट छतातून येत असेल तर त्याचं दुसरं छोटं बकलही खाली लावलेलं असलंच पाहिजे.

सरकत्या दारांबद्दल फार लिहायची गरज नाही; मिनीव्हॅन घेण्याचं निम्मं कारण तेच. शेजारची गाडी चिकटून उभी असली तरी बाळाची सीट हातात घेऊन आत जाता येतं, आणि मूल दार उघडून शेजारच्या गाडीवर आपटत नाही. बोट किंवा कापड मधे आलं की दार मागे फिरतं ना, हे पाण्याची बाटली मधे धरून बघावं. आतून दार उघडू नये म्हणून असलेलं कुलूप दोन्ही बाजूंना लावून ठेवा. दाराच्या खालच्या रुळात खाऊचा चुरा आणि वाळू साचली की विजेवरचं दार अडखळतं आणि अर्ध्यातून परत फिरतं. बरेच जण मोटर बिघडली म्हणून धावतात. आधी रूळ व्हॅक्यूमने झाडून ओल्या फडक्याने पुसा.

सगळ्या जागा वापरात असताना डिकीत काय मावतं, हाही महत्त्वाचा भाग. मिनीव्हॅनमध्ये मागच्या रांगेपाठी खोल खड्डा असतो आणि घडी केलेली बाबागाडी त्यात उभी राहते. त्याच आकाराच्या एसयूव्हीत तिसरी रांग उघडी असताना ती बहुधा मावत नाही. मागची रांग ६०-४० अशी दुभागलेली असेल तर मागचं मूल ४० च्या बाजूला बसवा, म्हणजे ६० चा भाग पाडून मोठं सामान ठेवता येतं. ६० च्या बाजूला कार सीट बसवली की ही मुभा गेली.

पसंतीला जाताना घरच्या सगळ्या कार सीट आणि त्यांच्या पुस्तिका सोबत न्या. बाबागाडीही न्या. विक्रेत्याला कार सीट बसवायला सांगू नका, स्वतः बसवा. अर्धा तास मोडेल, मोडू द्या. रिअर-फेसिंग सीट आधी लावा आणि तिच्या पुढच्या सीटवर घरातल्या सर्वांत उंच माणसाला बसवा. मग बेल्ट किंवा अँकरचा पट्टा जिथून जातो तिथे कार सीट हाताने धरून डावी-उजवी आणि पुढे-मागे हलवा. २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा. तीनदा आवळूनही हलत असेल तर ती सीट आणि ती जागा एकमेकांना जुळत नाहीत, शेजारच्या जागेवर लावून बघा. गाडीचं हेडरेस्ट कार सीटच्या पाठीला पुढे ढकलत असेल तर ते काढता येतं का हेही त्याच वेळी विचारा. सगळं बसल्यावर मोठ्या मुलाला मागच्या रांगेत जायला सांगा, बेल्ट लावायला सांगा, आणि मदतीला हात पुढे करू नका.