रिपोर्टात माझं प्रोस्टेट नॉर्मल आलं

ओटीपोट दुखतं म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न, "पाळी जवळ आलीय का?" माझं पाळी नसतानाही दुखायचं. बसलं की ठणका, उठलं की मांडीपर्यंत ओढ. दोन वर्षांत तीन सोनोग्राफ्या, तिन्ही नॉर्मल. "मनावर घेऊ नका," एवढं ऐकून घरी यायचं.

शेजारच्या काकूंनी पत्रक आणून दिलं. "अगं, मी स्वतः गुडघ्यासाठी जाऊन आलो, लई फरक पडला बघ. एकदा दाखव तर." (काकूंवर राग नाही. त्यांचेही नऊ हजार गेले.)

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॉजवर रविवारी 'शिबिर' होतं. पांढऱ्या कोटातल्या माणसानं पाऊण तास माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुमचं दुखणं खरं आहे." आजवर हे कुणी म्हटलंच नव्हतं. मी तिथंच रडले, आणि फसले तीही तिथंच. मग हातात स्टीलची दांडी धरायला दिली. मिनिटभरात लॅपटॉपवर रंगीत पट्ट्या नाचल्या आणि तीस पानी रिपोर्ट आला. "गर्भाशयाच्या नसांत वायू अडकलाय. ९० दिवसांत गॅरंटी." कोर्स २४,५०० चा, आजच भरले तर १८,५००. भिशीचे पैसे होते, मोबाइलवरून पाठवले. स्क्रीनवर नाव आलं ते कुणा भलत्याच बाईचं. बिल मागितलं तर म्हणे, शिबिरात बिल नसतं.

कोर्स म्हणून दिलेल्या पुड्यांवर ना लायसन्स नंबर, ना बॅच, ना मुदत. तरी खोटं कशाला बोलू, दहा दिवसांत दुखणं निम्म्यावर आलं. तिसऱ्या आठवड्यात तोंड सुजलं, अंगठी बोटातून निघेना, बीपी वाढला. फोन केला तर उत्तर, "विष बाहेर पडतंय." त्यानंतर नंबर बंद.

घरच्या डॉक्टरांनी तोंडाकडं बघूनच विचारलं, "पुड्या कुठल्या घेताय?" त्यांना स्टेरॉइडचा संशय आला. अशा पुड्या एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून त्यांनी तपासण्या करत, हळूहळू सोडवलं. तुमच्याकडं अशा पुड्या असतील तर फेकायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

पुढं एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडं गेले. तो रिपोर्ट चाळता चाळता त्या थांबल्या आणि पान माझ्याकडं फिरवलं. 'प्रोस्टेट : सामान्य.' मशीनवर त्या माणसानं मला पुरुष नोंदवलं होतं! त्यांनीच सांगितलं की सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाहीच, असं म्हणता येत नाही. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढतात. त्याची तपासणी सुरू आहे. शिवाय माझे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले निघाले. फिजिओथेरपिस्टनं ते सैल सोडायला शिकवलं, पोटानं सावकाश श्वास घेत. मी तर वर्षभर कुणाच्या तरी सांगण्यावरून आवळायचेच व्यायाम करत होते. "पूर्ण जाईल असं सांगत नाही," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. आता केएमटीच्या बसमध्ये राजारामपुरीपर्यंत बसून जाते.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार केलीय. हाती पुरावा फक्त पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि ते पत्रक. गर्भाशयाचे आणि पाळीचे विकार बरे करतो, अशी औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून पत्रक जपून ठेवलंय.

परवा गंगावेशीत दुधाला गेले होते. खांबावर तेच पत्रक दिसलं. लॉज दुसरं, नंबर नवा.