फिनिश नावं मराठीत आणताना: ठेवावीत, तोडावीत की भाषांतरावीत?

फिनलंडच्या नकाशावर यॅर्वी (सरोवर), योकी (नदी), सारी (बेट), निएमी (भूशीर) ही शेपटं जागोजागी दिसतात. प्रवासवर्णन किंवा नकाशाच्या ओळी मराठीत आणणाऱ्याला त्यांचं काय करायचं ते एकदा ठरवावंच लागतं.

अख्खं नाव ठेवून पुढे मराठी शब्द जोडला की होतं ‘इनारियॅर्वी सरोवर’, ‘केमियोकी नदी’. द्विरुक्ती झाली म्हणून कुणी नाक मुरडेल, पण ‘रायगड किल्ला’ आपण बिनदिक्कत म्हणतोच. नाव लांबतं हे खरं. मात्र तिथल्या पाटीवर जे लिहिलंय तेच वाचकाच्या हाती राहतं.

शेपूट तोडलं की ‘इनारी सरोवर’, ‘केमी नदी’. दिसायला सुटसुटीत, आणि इनारी हे गाव, केमी हे शहर असल्यामुळे इथे खपूनही जातं. पण कोकेमॅएनयोकी घ्या. तोडल्यावर उरतं ‘कोकेमॅएन’, म्हणजे कोकेमॅकी या गावनावाची षष्ठी. ‘कोकेमॅएन नदी’ लिहिणं म्हणजे ‘नाशिकची’ला गावाचं नाव समजणं. लिहायचंच तर ‘कोकेमॅकी नदी’. ताम्पेरे शहराजवळच्या प्युहॅयॅर्वीचं तर आणखी अवघड, कारण ‘प्युहॅ’ म्हणजे नुसतं ‘पवित्र’. फिनिश व्याकरण येत नसेल तर या वाटेला जाऊ नये.

पूर्ण भाषांतर, म्हणजे ‘पवित्र सरोवर’, लोककथेत शोभेल. मार्गदर्शिकेत ते निरुपयोगी, शिवाय प्युहॅयॅर्वी नावाची सरोवरं फिनलंडमध्ये अनेक आहेत. अर्थ सांगायलाच हवा अशी नावंही असतात. हेलसिंकीसमोरच्या सागरी किल्ल्याचं विआपोरी हे नाव 1918 मध्ये बदलून सुओमेनलिन्ना, म्हणजे ‘फिनलंडचा किल्ला’, केलं गेलं. स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. तिथे नाव ठेवून अर्थ एकदा वाक्यात सांगावा.

माझा कौल पहिल्या पद्धतीला. पहिल्या उल्लेखात मराठी शब्द जोडा, पुढे नुसतं नाव पुरे. गावं-शहरं मात्र अजिबात फोडू नका. सेइनॅयोकी हे शहर आहे. त्याची ‘सेइनॅ नदी’ केलीत तर वाचक रेल्वे स्टेशन सोडून काठ शोधत बसेल.

जोडायचा मराठी शब्दही पारखून घ्यावा लागतो. तुन्तुरी म्हणजे लॅपलंडमधला बोडक्या माथ्याचा डोंगर, तर फिनिश ‘वारा’ म्हणजे झाडीने झाकलेला डोंगर. दोन्हींना ‘टेकडी’ म्हटलं की चित्रच पुसलं जातं. कोस्कीला सर्रास ‘धबधबा’ म्हणतात, पण तिथे पाणी कड्यावरून कोसळत नाही, खडकाळ उतारावरून खळाळत धावतं. पुंकाहार्यु या ठिकाणाच्या नावातल्या ‘हार्यु’ला ‘डोंगराची सोंड’ म्हणायचा मोह होईल. तो टाळा. हिमयुगात वितळत्या बर्फाच्या पाण्याने रचलेला तो वाळू-गोट्यांचा चिंचोळा, लांबलचक उंचवटा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सरोवराचं पाणी आहे.