नागपूरच्या धरमपेठेतला 'व्हिक्टोरियन थीम'वाला कॅफे: चहा झकास, थीमचा पत्ता नाही

नाव नाही लिहीत कारण पोट्टे मेहनत करून राहिले, पण बोर्डावर एवढं मोठं 'व्हिक्टोरियन' लिहिलंय अन् आत व्हिक्टोरिया सोडून सगळे भेटतात. जुनं ब्रिटिश दिसलं की झालं व्हिक्टोरियन, असं नसते ना भाऊ. राणी गादीवर होती 1837 ते 1901, तेवढाच तो काळ.

भिंतीवर चार्ली चॅप्लिन, ज्याचे सिनेमेच 1914 पासून सुरू. बाजूला आपल्या रेल्वे स्टेशनच्या दगडी इमारतीचा फोटो अन् खाली सोनेरी पट्टीवर 'व्हिक्टोरियन नागपूर'. ती इमारत 1925 ची, तेव्हा राज्य राणीच्या नातवाचं, पंचम जॉर्जचं. मधात सातवा एडवर्ड होऊन गेला, 1901 ते 1910, त्याला एडवर्डियन म्हणतात. बरं जॉर्ज म्हणून जॉर्जियन म्हणावं तर तेही जमत नाही, ते आधीचे चार जॉर्ज, 1714 पासून 1830 पर्यंतचे.

खरं तर आपल्याकडे माल भरपूर आहे. टाटांनी एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू केली, त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून तर एम्प्रेस! अजब बंगला, म्हणजे आपलं म्युझियम, 1863 चा. यातला एकही फोटो नाही. अन् 1853 पर्यंत तर इथे भोसल्यांचं राज्य होतं, रघूजी तिसरे गेले अन् डलहौसीनं संस्थान खालसा केलं, म्हणजे नागपुरापुरतं व्हिक्टोरियन म्हणायचं तरी 1854 च्या पुढचंच.

एक गोष्ट मात्र शंभर टक्के व्हिक्टोरियन निघाली. कोपऱ्यातल्या सोफ्यावर पाटी आहे, 'जोडप्यांनी अंतर ठेवून बसावे'. सोवळ्या, नाक मुरडणाऱ्या वागण्यालाही इंग्रजीत हाच शब्द वापरतात, पण मालकाला ते माहीत असेल असं वाटत नाही.

आता खाण्याचं. संध्याकाळच्या चहाचा ट्रे घ्याच, किटली, दूध वेगळं, साखर वेगळी, छोटे सँडविच, अन् चहा अजिबात पाणचट नाही. दुपारच्या चहाची ही पद्धत इंग्लंडात 1840 च्या आसपासच सुरू झाली, म्हणजे हे तरी बरोबर जमलं. संत्र्याचा केक ठीकठाक, वरून पाक जास्त. पास्ता घेऊ नका. सर्व्हिस स्लो आहे पण पोट्टे बोलायला गोड. पार्किंगचा वांधा, टू व्हीलरनीच जा. पाचपैकी साडेतीन, फोटोखालची पट्टी बदलली तर चार देतो.