खेळण्यांच्या लढाईचे फोटो : फोनवर काढावेत की जुन्या कॅमेऱ्यावर?

दिवाळी संपली, किल्ला उतरवला, पण भाच्याने मावळे काही डब्यात जाऊ दिले नाहीत. तेव्हापासून इथे आमच्या इंदूरच्या घरात पाटावर रोज लढाई असते. एका बाजूला मातीचे मावळे, दुसऱ्या बाजूला सांधे वळणारे प्लास्टिकचे सुपरहिरो. तिचे फोटो काढायचे आणि मग विचारायचं, "मामा, सेकंडहँड कॅमेरा घेऊ, की फोनवरच भागेल?" माझ्याकडे दोन्ही आहेत. तीन वर्षं वापरलेला फोन आणि ५० मिमी लेन्सचा जुना कॅमेरा. एकाच पाटावर दोन्ही लावून पाहिले.

आधी खेळण्याची उंची मोजा, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. १:१२ मापाची, म्हणजे खऱ्या माणसाच्या बाराव्या हिश्शाची, बाहुली साधारण सहा इंचांची असते, १:१८ ची पावणेचार इंचांची. आमच्या पिढीने फनस्कूलचे जी. आय. जो सैनिक खेळले, ते या दुसऱ्या मापाचे. लेगोचा माणूस तर जेमतेम चार सेंटिमीटर. सहा इंची बाहुलीला फोन पुरून उरतो. फोनची मुख्य लेन्स वीतभर अंतराच्या फारशी आत फोकस घेत नाही, त्यामुळे लेगोचा माणूस फ्रेममध्ये हरवतो. स्वस्त फोनवर दोन मेगापिक्सेलची जी 'मॅक्रो' लेन्स असते, तिच्यावर विसंबू नका. ती नावापुरतीच असते. कॅमेऱ्याला साधी एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावली की लेगोचा चेहरासुद्धा फ्रेम भरून येतो.

पण उंचीच्याच बाबतीत फोन एक डाव जिंकतो. फोन उलटा धरा, लेन्स खालच्या कोपऱ्यात येऊ द्या आणि पाटाला टेकवा. मावळ्याच्या पायाशी पडलेल्या मुंगीला जसं दिसेल तसं दिसतं. पुढे आलेली मूठ डोक्याहून मोठी होते, मागचा हात लहान होतो, आणि मातीचा मावळा मुळीच वाकत नसला तरी अंगावर धावून आल्यासारखा वाटतो. कॅमेरा टेबलावर ठेवला तर लेन्सचा मध्यच चार-पाच सेंटिमीटर वर असतो, म्हणजे लेगोच्या माणसाच्या डोक्यावरून. मग सगळी रणभूमी पुस्तकांच्या थप्पीवर चढवावी लागते. आम्ही जुन्या दिवाळी अंकांवर चढवली.

खरा फरक पडतो तो धूसरपणात. अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड लेविन्थल यांनी १९७० च्या दशकात खेळण्यातले सैनिक घेऊन दुसऱ्या महायुद्धाची दृश्यं उभी केली. ती खरी वाटतात, कारण बराचसा भाग फोकसबाहेर आहे आणि प्लास्टिक त्यात लपतं. माझ्या कॅमेऱ्यावर एफ/१.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून, अर्ध्या मीटरवरून फोटो काढला की जेमतेम सहा मिलिमीटर पट्टा स्पष्ट येतो. डोळा धरला की तलवारीचं टोक विरघळलं. छिद्र लहान करून एफ/८ ला हा पट्टा पावणेतीन सेंटिमीटरपर्यंत जातो, पण उजेड वीसपट कमी पडतो. बाहुली हलत नाही, तेव्हा स्टँडवर ठेवून एक सेकंदाचं एक्स्पोजर द्या, चालतं. फोनचा पोर्ट्रेट मोड हा धूसरपणा अंदाजाने रंगवतो. आमच्या मावळ्याची कोपर आणि कंबर यांच्यामधली फट त्याने जशीच्या तशी स्पष्ट ठेवली आणि भाल्याचं टोक मात्र खाऊन टाकलं.

मागे लॅपटॉपवर जळत्या गावाचं चित्र लावणार असाल तर कॅमेराच घ्या. फोनवर मागचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट राहतं, आणि पडद्याचे ठिपके व लहरी उमटतात. कॅमेऱ्यावर बाहुली पडद्यापासून हातभर पुढे ओढली की तोच पडदा आकाश होतो.

आता धूळ. उड्या आणि हवेतल्या लाथा सोप्या आहेत. बाइंडिंगची तार पाठीला चिकटपुट्टीने लावायची आणि नंतर स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या अ‍ॅपमध्ये पुसायची. धूळ मात्र खरोखर हलते, तिला शटर १/५०० सेकंद तरी हवं. फोनचा नाइट मोड अनेक फ्रेम एकावर एक चढवतो, त्यात धुळीचा लगदा होतो. तो बंद करून प्रो मोडमध्ये या, तिथे शटर हाताने ठरवता येतं. स्वस्त एलईडी बल्ब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, त्यामुळे वेगवान शटरवर फोटोत आडवे पट्टे येतात. खिडकीच्या उन्हात काढलं तर ही कटकटच नाही. कॅमेऱ्यावर साधा मॅन्युअल फ्लॅश कमी ताकदीवर लावला तर त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो. धूळ म्हणून उडवलेल्या रांगोळीचा एकेक कण हवेत लटकलेला दिसतो. ही सोय फोनला नाही.

उलट, धूळ खाण्यात फोन दणकट. झूम लेन्स पुढेमागे होताना भुकटी आत ओढते, आणि लेन्स बदलताना उडालेला कण सेन्सरवर बसतो. मैदा तर नकोच. हवेत उडालेलं पीठ फुलबाजीजवळ भडकतं. ताईने डबा दिला नाही, बरंच झालं.

गुलालाचंही सांगतो, कारण ती चूक माझी. रंगपंचमीच्या गेरमधून, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीतून, आल्यावर पिशवीत मूठभर गुलाल उरला होता. लाल धूर म्हणून उडवला. फोटो झकास आला, पण पांढऱ्या चिलखताच्या बाहुलीचे सांधे अजून गुलाबी आहेत. टूथब्रश, साबण, सगळं झालं. भाचा ती बाहुली आता जखमी म्हणूनच उभी करतो.

मग घ्यायचं काय? सहा इंची बाहुली, उन्हातलं अंगण आणि खालून घेतलेले दणदणीत कोन एवढंच हवं असेल तर फोन ठेवा आणि पैसे उजेडावर घाला. मान वळणारा एक टेबल लॅम्प, पुढे बटर पेपर, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा, आणि इथे इंदूरच्या जेल रोडवर मिळतो तसा क्लिपचा स्टँड. लॅम्प निम्म्या अंतरावर आणला की उजेड चौपट होतो, हे लक्षात ठेवा. लेगो, लॅपटॉपचा पडदा किंवा गोठलेली धूळ यांपैकी दोन गोष्टी तरी हव्या असतील तर कॅमेरा पैसे वसूल करेल. नुसता 'क्वालिटी चांगली' म्हणून घेऊ नका. मोबाइलच्या पडद्यावर बघणाऱ्याला तो फरक दिसत नाही.

जुना घेताना लेन्समधून टॉर्च मारून पाहा, पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. मग एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सर मळलाय. भाच्याने सध्या लॅम्प घेतलाय. फ्लॅशचं त्याने अजून आईला सांगितलेलं नाही.