आर-१० की फिनाले मॅच? १० मीटर एअर रायफलच्या पेलेट्सचा लेखाजोखा

मॅच पेलेट, म्हणजे स्पर्धेत वापरायची शिशाची छोटी गोळी, घ्यायचं म्हटलं की चर्चा कंपनीपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. आरडब्ल्यूएसचं आर-१०, एच अँड एनचं फिनाले मॅच, चेक प्रजासत्ताकातलं जेएसबी, चीनचं च्यांग युआन. चौघांचाही वरच्या दर्जाचा माल स्पर्धेत चालण्याजोगा आहे, त्यात वाद नाही. पण तुमच्या बॅरलमध्ये कोणतं चालेल, हे डब्यावरचं नाव सांगत नाही. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये (लॉट म्हणजे एका वेळी बनवलेला माल) पडणारा फरक दोन चांगल्या कंपन्यांमधल्या फरकाइतका असू शकतो. म्हणून डबा हातात आल्यावर आधी लॉट नंबर आणि हेडचा, म्हणजे पेलेटच्या पुढच्या डोक्याचा, व्यास वाचायचा, मग बाकीचं.

नेमकेपणा लागतो तरी किती? टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि पेलेट ४.५ मिमीचं. ठिपक्याला पेलेटची कड लागली की १०.०, म्हणजे भोकाचं केंद्र मध्यापासून २.५ मिमीच्या आत हवं. तिथून आत येताना दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो आणि १०.९ साठी केंद्र पाव मिलिमीटरच्या आत लागतं. नेमबाजाचा हात कितीही स्थिर असला तरी पेलेटच अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे जात असेल, तर दोन दशांश तिथेच गेले. ६० शॉट्सची मॅच ६५४ गुणांची असते आणि पात्रता फेरीतली जागा अनेकदा दशांशांवरच ठरते, त्यामुळे हे दोन दशांश स्वस्त नाहीत.

वजनाचा मुद्दा लवकर आटोपतो. रायफलची पेलेट्स साधारण ०.५३ ग्रॅमची, पिस्तुलाची ०.४५ ग्रॅमची. फिनाले मॅचमध्ये ०.५१ ग्रॅमचा हलका प्रकारही मिळतो आणि काही बॅरल्सना तोच मानवतो. एकेक पेलेट तोलून निवडण्याचा खटाटोप मात्र फारसा पदरात पडत नाही. सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघालेलं पेलेट १० मीटरपर्यंत पोहोचताना साधारण १८ मिमी खाली येतं. वजनात एक टक्का फरक पडला तर वेग सुमारे अर्धा टक्का बदलतो आणि भोक जेमतेम ०.२ मिमी वरखाली सरकतं. शिवाय एक टक्का म्हणजे ०.००५ ग्रॅम. ०.०१ ग्रॅमचा काटा तो दाखवतच नाही, ०.००१ ग्रॅमचा लागतो. तेवढा वेळ लॉट तपासण्यात घालवलेला बरा.

खरी गोम हेडच्या व्यासात आहे. डब्यावर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असा आकडा असतो. हेड बॅरलच्या रायफलिंगवर (आतल्या पिळदार खाचांवर) टेकतं आणि मागचा पातळ स्कर्ट हवेच्या दाबाने फुलून बॅरलला सील करतो. हेड सैल असेल तर पेलेट किंचित तिरकं बसून निघतं. फार घट्ट असेल तर भरताना अंगठ्याचा जोर दरवेळी कमीजास्त लागतो आणि त्या जोराने स्कर्ट वाकतो. एका कंपनीचं ४.५० दुसरीच्या ४.५० शी तंतोतंत जुळेलच असं नाही. त्यामुळे ‘माझी रायफल ४.५० ची’ हे वाक्य कंपनी बदलली की निरुपयोगी ठरतं.

तपासणी रायफल व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) बसवून करायची, खांद्यावर नाही. खांद्यावरून घेतलेला ग्रुप, म्हणजे एका कार्डावरच्या भोकांचा पुंजका, नेमबाजाबद्दल जास्त सांगतो, पेलेटबद्दल कमी. रायफल दरवेळी त्याच जागी आणि तेवढ्याच ताणाने पकडायची. स्टॉकचे स्क्रू आधी तपासायचे. सिलिंडरमधला हवेचा दाब रेग्युलेटरच्या (दर शॉटला दाब सारखा ठेवणाऱ्या भागाच्या) मर्यादेच्या बराच वर ठेवायचा, नाहीतर शेवटचे शॉट्स खाली जातात आणि दोष बिचाऱ्या लॉटला लागतो. लॉट बदलला की पहिले १०-२० शॉट्स मोजायचे नाहीत, कारण आधीच्या पेलेटचा शिशाचा आणि वंगणाचा थर बॅरलमध्ये असतो. बॅरल फेल्टने साफ केल्यावरही तेवढेच शॉट्स सोडून द्यायचे.

प्रत्येक लॉटचे १० शॉट्सचे किमान तीन ग्रुप घ्या, प्रत्येक ग्रुपला कोरं कार्ड. पाच शॉट्सचा ग्रुप फसवतो, पाच पेलेट्स योगायोगानेही एकाच भोकात जातात. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर व्हर्नियरने मोजा आणि त्यातून त्याच कार्डावरच्या एकट्या भोकाचा व्यास वजा करा. सरसकट ४.५ वजा करू नका, कागद थोडा मागे सरतो आणि भोक पेलेटपेक्षा लहान दिसतं. केंद्र ते केंद्र अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आलं तर तो लॉट सोडू नका. एक मिलिमीटर स्पर्धेला चालतं. दोन मिलिमीटर म्हणजे ग्रुप अगदी मध्यावर बसला तरी कडेचे शॉट्स १०.६ च्या आसपास. असा लॉट सरावाला ठेवा.

नव्या रायफलसोबत कारखान्याचं टेस्ट कार्ड येतं, बहुधा एकाच भोकाचं. ते फ्रेम करून लावण्याइतकं सुंदर असतं. पण ज्या लॉटने ते काढलं तो बाजारात सापडण्याची शक्यता जवळपास नाही.

निवड करायची तर पहिली तपासणी आर-१० आणि फिनाले मॅचवर करावी. फिनाले मॅचच्या बाजूने एक गोष्ट ठळक आहे: व्यास आणि वजन यांच्या जोड्या जास्त मिळतात, त्यामुळे हट्टी बॅरलला काहीतरी जुळण्याची शक्यता वाढते. च्यांग युआनचा ऑलिम्पिक प्रकार तिसऱ्या क्रमांकावर नक्की तपासावा. जेएसबी घेताना पेलेट सपाट डोक्याचं आहे ना ते पाहा. त्यांची एक्झॅक्ट मालिका गोल डोक्याची आहे आणि गोल डोकं कागदाला स्वच्छ भोक पाडत नाही, तो फाटतो आणि गुण ठरवताना वाद होतो. सरावाला आरडब्ल्यूएसचंच माइस्टरकुगेलन पुरेसं आहे. तपासून घेतलेला माइस्टरकुगेलनचा लॉट न तपासलेल्या आर-१० पेक्षा केव्हाही बरा.

लॉट जमला की लगेच साठा करा, दोन महिन्यांनी त्याच नंबरचा डबा मिळेल या भरवशावर राहू नका. साइटिंगचे (मॅचआधीचे, गुणांत न धरलेले) शॉट्स धरून एका मॅचला ८०-१०० पेलेट्स जातात, म्हणजे ५०० चा डबा पाच-सहा मॅचचा. डबा हलवू नका आणि उघडल्यावर पेलेट्स मऊ कापडावर ओता. काचेवर घरंगळवलं की पेलेट गोल फेरा घेतं. ज्याचा फेरा अडखळतो त्याचा स्कर्ट चेपलेला असतो, ते बाजूला काढा. जमिनीवर पडलेलं पेलेट पुन्हा भरू नका. साठा कोरड्या जागी ठेवा. पांढरी भुकटी धरलेलं शिसं बॅरलमध्ये घालू नये. पेलेट तोंडात धरायची सवय असेल तर ती आजच सोडा आणि रेंजवरून निघताना काही खाण्याआधी हात साबणाने धुवा.