दहा-दहा, सव्वानऊ की आठ-वीस? एअरबॅगच्या गाडीत स्टिअरिंग कुठे धरावं

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसल्यावर अजूनही बऱ्याच ठिकाणी पहिला धडा हाच असतो: "हात दहा वाजून दहावर." म्हणजे स्टिअरिंगला घड्याळाची तबकडी मानायची आणि डावा हात १० वर, उजवा २ वर ठेवायचा. हा धडा रुजला तेव्हा पॉवर स्टिअरिंग नव्हतं. अँबॅसिडर किंवा पद्मिनीचं चाक मोठं आणि जड, वळवायला खांद्याचा जोर लागायचा, आणि हात वर असले की चाक खाली ओढायला सोपं जायचं. आज त्याच चाकाच्या मधोमध, हॉर्नच्या पॅडखाली, घडी घातलेली एअरबॅग असते. १ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या कारमध्ये चालकासाठी ती सक्तीची आहे. त्यामुळे हात कुठे ठेवायचे हे पुन्हा ठरवायला हवं. माझं मत आधीच सांगते: गाडीत एअरबॅग असेल तर सव्वानऊ, म्हणजे ९ आणि ३.

हे पटायला एअरबॅग उघडते कशी ते माहीत हवं. समोरून जोरात धडक बसली की सेन्सर संदेश देतो, आतलं रसायन पेटतं, त्याचा वायू पिशवीत भरतो. पॅडवर ठरलेल्या जागी फट असते, तिथून झाकण फाटतं आणि पिशवी ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने चालकाकडे झेपावते. सगळा खेळ सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत संपतो. हात बाजूला घ्यायला वेळच मिळत नाही. तो त्या क्षणी जिथे असेल तिथेच सापडतो. पिशवी भरून फुगल्यानंतर तिच्यावर आदळणारा माणूस वाचतो, पण फुगत असताना वाटेत आलेल्या हाताला तिचा पूर्ण तडाखा बसतो. मनगट किंवा कोपराखालचं हाड मोडू शकतं, आणि स्वतःचाच हात तोंडावर आपटून नाक, दात, डोळा दुखावू शकतो. हातात मोबाइल असेल तर तोही चेहऱ्यावर येतो.

आता दहा-दहा. गाडी सरळ चालली असेल तर या पद्धतीत हात थेट पॅडवर नसतात, हे खरं. पण आजच्या लहान गाडीचं चाक साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर व्यासाचं. एवढ्याशा चाकावर हात वर ठेवले की कोपराखालचा भाग पॅडच्या जवळ येतो, आणि थोडंसं वळण घेतलं की एक हात पॅडच्या वरून आडवा जातो. शिवाय खांदे सतत उचललेले राहतात. पुण्याहून कोल्हापूरपर्यंत तसं चालवून बघा, मान आखडते. जुनी, एअरबॅग आणि पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी चालवत असाल तर दहा-दहा सोडायचं काही कारण नाही. तिथे जोर लागतो आणि मध्ये पिशवी नसते. फक्त अंगठे रिमच्या आत अडकवू नका, रिमवर टेकवून ठेवा. खड्ड्यात चाक फटकन फिरलं तर आतला अंगठा सापडतो.

सव्वानऊला हात चाकाच्या दोन्ही बाजूंना, कोपरं किंचित वाकलेली आणि पॅडच्या बाहेर. पिशवी उघडली तर हात बाजूला ढकलले जायची शक्यता जास्त. अमेरिकेची सरकारी रस्ते सुरक्षा संस्था एनएचटीएसए हीच जागा सुचवते. पण मला ही पद्धत आवडते ती फक्त एअरबॅगमुळे नाही. दोन्ही हात समोरासमोर असले की चाकावर दोन्ही बाजूंनी सारखा ताबा राहतो. अचानक गाडी चुकवावी लागली तर हात न सोडता चाक जवळजवळ अर्धा फेरा फिरवता येतं. समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. रस्ता सरळ, कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर, आणि तासन्‌तास काहीच घडत नाही म्हणून उजवा हात खिडकीवर आणि डावा चाकाच्या खालच्या टोकाला, असं चालवणारे खूप दिसतात. त्या वेगाला पुढचा टायर फुटला की गाडी एका बाजूला ओढली जाते. त्या क्षणी ब्रेक दाबायचा नसतो, गाडी सरळ धरून वेग उतरू द्यायचा असतो. हे दोन हातांनी, आणि हात आधीपासूनच योग्य जागी असतील तरच जमतं.

सव्वानऊची एक अडचण आपल्याकडे हमखास येते, ती गिअरची. आपली गाडी उजव्या हाताच्या चालकाची, म्हणून गिअर डाव्या हाताने. गिअर बदलताना उजवा हात ३ वरच राहू द्या आणि डावा लगेच ९ वर परत आणा. गिअरच्या गोळ्यावर हात विसावून ठेवायची सवय अनेक वर्षं चालवणाऱ्यांनाही असते. ती मोडायला दोन-चार आठवडे लागतात, पण मोडते.

आठ-वीस म्हणजे ८ आणि ४. हात खाली, खांदे एकदम सैल, पॅडपासून हात आणखी लांब. चाक फार लहान असेल, खांदा दुखत असेल किंवा लांबचा सरळ प्रवास असेल तर ही जागा वाईट नाही. मात्र इथून एकदम मोठं वळण घ्यावं लागलं तर हाताला फिरायला जागा कमी पडते, आणि शहरातल्या रहदारीत, जिथे रिक्षा कधी आडवी येईल सांगता येत नाही, तिथे मी ती सुचवणार नाही. सव्वानऊ आणि आठ-वीस यांच्यात आलटून पालटून राहिलात तरी चालेल. दहा-दहाला मात्र या गाडीत परतू नका.

या तिन्हींपेक्षा वाईट, आणि रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणारी पद्धत म्हणजे एक हात १२ वर, मनगट रिमवर लोंबतं. एअरबॅग उघडली तर तो हात नेमका पिशवी आणि चेहऱ्याच्या मध्ये असतो. तिचंच दुसरं रूप घाटात दिसतं. खंबाटकीत किंवा आंबा घाटात वळणावळणावर हॉर्न द्यावा लागतो, म्हणून लोक डाव्या हाताचा तळवा पॅडवरच ठेवून गाडी चालवतात. तळव्याखाली बारीक अक्षरांत 'एअरबॅग' असं कोरलेलं असतं! हॉर्न जरूर द्या, पण अंगठ्याने, पॅडच्या कडेला दाबून, आणि हात परत रिमवर. गाडी थांबलेली असताना चार-पाच वेळा करून बघा, बहुतेक गाड्यांत अंगठा पोचतो.

घाट निघालाच आहे तर चाक फिरवण्याच्याही दोन पद्धती बघू. एक हात दुसऱ्यावरून टाकत फिरवणं ही आपल्या सगळ्यांची ओळखीची. तिने चाक भराभर फिरतं, पण प्रत्येक फेऱ्यात हात पॅडवरून आडवा जातो. दुसरी सरकवण्याची: एक हात रिम वर ढकलतो, दुसरा खाली ओढतो, आणि डावा हात चाकाच्या डाव्या अर्ध्यात, उजवा उजव्या अर्ध्यात राहतो. सुरुवातीला ती संथ वाटते. पार्किंगमध्ये पहिली पद्धत बिनधास्त वापरा, त्या वेगाला एअरबॅग सहसा उघडत नाही. घाटातल्या आंधळ्या वळणावर मात्र आपण तिसाच्या वेगात असलो तरी समोरून उतरणारी एसटी किंवा ट्रक किती वेगात आहे हे दिसत नाही, म्हणून तिथे सरकवण्याची. आणि रिमच्या आतून तळहात वर करून चाक ओढायची सवय असेल, तर ती पार्किंगमध्येसुद्धा सोडा. अशा वेळी हात रिम आणि पॅडच्या मध्ये अडकलेला असतो.

हाताची जागा ठरली तरी बसायची जागा चुकली तर उपयोग कमी. छातीचं मधलं हाड आणि पॅड यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं, म्हणजे शाळेतल्या मोठ्या पट्टीपेक्षा थोडं कमी. उंची कमी असलेल्यांची, त्यात बायका बऱ्याच, इथे खरी ओढाताण होते: क्लचपर्यंत पाय पोचायला सीट पुढे घ्यावी लागते आणि छाती चाकाला भिडते. अशा वेळी आधी सीटची पाठ थोडी मागे कलती करा, मग सीट उंच होत असेल तर उंच करा. स्टिअरिंग वरखाली होत असेल तर पॅड तोंडाकडे न येता छातीकडे येईल असं लावा. नवी गाडी घेताना सीट आणि स्टिअरिंग वरखाली करायच्या या दोन सोयी तुमच्या व्हेरियंटमध्ये आहेत का हे सनरूफच्या आधी विचारा. सर्वांत स्वस्त व्हेरियंटमध्ये त्या अनेकदा नसतात. आणि बेल्ट लावलाच पाहिजे. बेल्ट नसेल तर ब्रेक लागताच शरीर पुढे सरकतं आणि फुगत्या पिशवीच्या तोंडाशी जातं, मग हात ९ वर होते की १० वर याला फारसा अर्थ उरत नाही.

शेजारच्या सीटवर बसणाऱ्यासाठी एक: डॅशबोर्डवरचा गणपती त्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेला असेल तर काढून मधल्या भागात बसवा. स्टिअरिंगच्या पॅडवर चिकटवायच्या चमकत्या चकत्या मिळतात, त्याही नकोत. पिशवी उघडली की या वस्तू सरळ अंगावर येतात.

जुनी गाडी विकत घेत असाल तर हे सगळं ठरवण्याआधी किल्ली फिरवून मीटरकडे बघा. एअरबॅगचा लाल किंवा पिवळा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागूनच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे. अजिबात लागलाच नाही, तर अपघातात उघडलेली एअरबॅग न बदलता दिवाच काढून टाकलेला असू शकतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घेतल्याशिवाय व्यवहार करू नका.